जनसंपर्क, नीती आणि नाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि मुंबईत मी बावीस वर्षं जनसंपर्काचं, म्हणजे पीआरचं काम करते आहे. सुरुवात एका कारखान्यात केली, मग एजन्सीत गेले, आता स्वतंत्रपणे काम करते. पत्रकारितेचे विद्यार्थी, एजन्सीत नुकतीच लागलेली मुलं-मुली, दुकान किंवा हॉटेल चालवणारे लोक भेटतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांना जी उत्तरं देते, तीच इथे लिहिली आहेत.

पीआर म्हणजे बातम्या छापून आणणं, एवढंच ना?

नाही. बातमी छापून येणं हा या कामाचा बाहेरून दिसणारा भाग. जाहिरातीत जागा विकत घेता येते, तिथे काय छापायचं ते तुम्ही ठरवता. जनसंपर्कात जागा दुसऱ्याची असते, शब्दही दुसऱ्याचा असतो. तुम्ही माहिती देता आणि ती छापायची की नाही, कशी छापायची, हे बातमीदार आणि संपादक ठरवतात. म्हणून या धंद्यात तुमच्या शब्दाला किंमत असावी लागते. ती गेली की हातात प्रसिद्धीपत्रक पाठवायची ईमेल यादी तेवढी उरते.

प्रतिमा आणि प्रतिष्ठा यांत फरक काय?

प्रतिमा तुम्ही दाखवता. प्रतिष्ठा लोक देतात, आणि तुमच्या मागे देतात. नवीन लोगो, चकचकीत वेबसाइट, पुरवणीतली मुलाखत यांनी प्रतिमा महिन्याभरात उभी राहते. प्रतिष्ठा मात्र कामगाराला पगार वेळेवर मिळतो का, तक्रारीचा फोन कोणी उचलतो का, सांडपाणी रात्री ओढ्यात सोडलं जातं का, यावर ठरते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आमच्या धंद्याच्या दारावर लिहायला हवी. आमच्याकडे येणारे निम्मे लोक पोहरा बदलून मागतात. आड कोरडा आहे हे त्यांना तोंडावर सांगणं ही मला या व्यवसायातली पहिली नीती वाटते. हे काम बरेचदा बंद दाराआड होतं, त्यामुळे ते कुणाला दिसत नाही आणि त्याला पुरस्कारही मिळत नाही.

या व्यवसायात नीतीचा विचार आला कधी?

व्यवसायाइतकाच तो जुना आहे, आणि तो मोडल्याचा इतिहासही तितकाच जुना आहे.

अमेरिकेत आयव्ही ली नावाचा एक माजी बातमीदार होता. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्याने संपादकांना एक निवेदन पाठवलं. आमचं काम चोरून चालत नाही, आम्ही कोणाच्या वतीने बोलतो ते सांगतो, दिलेली माहिती तुम्ही तपासून घ्या आणि तपासायला आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी एका रेल्वे अपघातानंतर त्याने माहिती दडपली नाही, उलट कंपनीतर्फे ती स्वतःहून पुरवली. आज आपण ज्याला प्रेसनोट म्हणतो तिचा उगम बरेच जण तिथे मानतात.

मग १९१४ साल आलं. कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायका-मुलंही मेली. खाण रॉकफेलर कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीची होती आणि आयव्ही ली याला कामावर घेतलं गेलं. त्याने काढलेल्या पत्रकांत कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे फुगवलेले आकडे होते. चौकशी आयोगाने विचारलं, की खाणमालकांनी दिलेली माहिती खरी आहे का हे तुम्ही स्वतः तपासलंत का? नाही, असं त्याने कबूल केलं. आठ वर्षांपूर्वी ‘तपासून घ्या’ असं जगाला सांगणारा माणूस स्वतः तपासायला विसरला होता. विद्यार्थ्यांना मी नेहमी इथूनच सुरुवात करून देते. आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. खोटं रचण्यापेक्षा क्लायंटने दिलेलं न तपासता पुढे ढकलणं हेच जास्त घडतं.

पुढे आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६५ मध्ये अथेन्स इथे आचारसंहिता स्वीकारली. तिचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याचा होता. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत सुरू झालेल्या अखिल भारतीय परिषदेत तिने हीच संहिता स्वीकारली. २१ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो, तो त्यामुळे.

संहिता मोडली तर होतं काय? परवाना जातो का?

परवानाच नाही, मग जाणार काय? वकिलाची सनद रद्द होते, डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं जातं. जनसंपर्क करायला कुठलीही सनद लागत नाही. संघटनेचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. फार तर सदस्यत्व जातं. त्याने काय फरक पडतो, असं कोणी विचारलं की मी बेल पॉटिंजरची गोष्ट सांगते.

लंडनची ही नावाजलेली कंपनी १९८७ साली सुरू झाली. मार्गारेट थॅचर यांच्या प्रचाराशी जोडलेले टिम बेल हे तिचे एक संस्थापक. २०१६ मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेतल्या ओकबे या कंपनीचं काम घेतलं. ओकबे गुप्ता बंधूंची. हे बंधू मूळचे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे, आणि तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी त्यांचं साटंलोटं असल्याचा आरोप देशभर गाजत होता. महिन्याला १ लाख पौंड फी ठरली. आर्थिक मुक्तीच्या नावाखाली एक मोहीम सुरू झाली. ‘गोऱ्यांची मक्तेदारी भांडवलशाही’ हा शब्दप्रयोग त्या मोहिमेने वापरला, आणि गुप्तांवरचा रोख दुसरीकडे वळवायला तो कामी आला.

त्या देशात गोऱ्या-काळ्यांमधली आर्थिक दरी खरी आहे, तिच्याविषयी बोलायलाच हवं. पण वर्णद्वेषी राजवट संपून पंचवीस वर्षंही झाली नव्हती. अशा समाजाची भळभळती जखम एका श्रीमंत घराण्याच्या बचावासाठी वापरली गेली. गळती झालेल्या ईमेलमधून ते बाहेर आलं. डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने थेट ब्रिटनमधल्या पीआरसीए या व्यावसायिक संघटनेकडे तक्रार केली. सप्टेंबर २०१७ च्या सुरुवातीला संघटनेने बेल पॉटिंजरला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकलं. कागदोपत्री शिक्षा एवढीच होती, एका ऐच्छिक संघटनेचं सदस्यत्व गेलं. पण ग्राहक भराभर निघून गेले आणि १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेली. तीस वर्षांची कंपनी आठवड्याभरात संपली. दुसऱ्यांचं नाव सांभाळायची फी घेणाऱ्यांना स्वतःचं नाव गेल्यावर धंद्यात उभं राहता आलं नाही.

खरं सांगितलं तर क्लायंटचं नुकसान होतं. मग सांगायचं कशाला?

नुकसान होतं, हे मला मान्य आहे. प्रश्न कुठलं नुकसान पत्करायचं हा आहे.

पाठ्यपुस्तकातलं उदाहरण टायलेनॉलचं. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात या वेदनाशामक गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं मेली. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या. किंमत १० कोटी डॉलरच्या वर गेली. मग छेडछाड झाली तर लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानात सांगितली जाते, आणि सांगावी. पण पुढचंही सांगावं. याच कंपनीच्या टाल्कयुक्त पावडरविरुद्ध अमेरिकेत हजारो खटले उभे राहिले. आपल्याकडे मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२२ मध्ये रद्द केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफडीएचे ते आदेश रद्द ठरवले. १९८२ ची पुण्याई २०२२ मध्ये आपोआप कामी येत नाही. प्रत्येक वेळी उत्तर नव्याने द्यावं लागतं.

मला मात्र आपल्या घरचं उदाहरण जास्त शिकवून गेलं. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर. मुंबईत काही ग्राहकांना कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. एफडीएने साठा जप्त केला. कंपनीची पहिली प्रतिक्रिया अशी, की दोष दुकानातल्या साठवणुकीचा असावा. तांत्रिकदृष्ट्या ते खरं असेलही. पण ज्या आईने मुलाच्या हातात वडी दिली तिला साठवणुकीचं तंत्र नको होतं. आणि दुकानदार तर कंपनीचाच माणूस, संकटात त्याच्याकडे बोट दाखवलं तर तो तुमचा माल पुढे का ठेवील? वेष्टनाचं काय, हा एफडीएचा प्रश्न बिनतोड होता. त्यानंतर कंपनी भानावर आली. ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाने दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीची माहिती आणि मदत दिली. नवी यंत्रं आणून वडीला बंदिस्त फॉइलचं वेष्टन आणलं, आणि मग २००४ च्या जानेवारीत अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना बच्चन आठवतात, मी फॉइलकडे बघायला सांगते. आधी वस्तू बदलली, मग तोंड उघडलं, म्हणून ते टिकलं.

मॅगीचं उलटं झालं. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा अहवाल आला. मर्यादा दशलक्षात २.५ भाग, अहवालात १७.२. आमच्या चाचण्यांत सगळं ठीक आहे, एवढं कंपनी कोरड्या भाषेत सांगत राहिली. ५ जूनला देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, कंपनीला बाजू मांडायची नीट संधीही मिळाली नव्हती. नव्या चाचण्यांत मॅगी उत्तीर्ण झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुकानात परतली. कंपनी कोर्टात जिंकली, पण दरम्यान हजारो टन माल नष्ट करावा लागला. बाजू खरी असली तरी ती वेळेवर आणि माणसाच्या भाषेत सांगितली नाही, तर ती आपल्याजवळच राहते.

मग सगळंच सांगायचं का? गुपित ठेवणं म्हणजे खोटं बोलणं का?

नाही. गुपित ठेवणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. जखमीचं नाव घरच्यांना कळण्याआधी प्रेसला देऊ नये. चालू चौकशीविषयी तर्क करू नयेत. ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, संध्याकाळी सहा वाजता सांगते’ हे प्रामाणिक उत्तर आहे, फक्त सहा वाजता फोन करावा.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत तर काय, कधी आणि कुठे सांगायचं हे सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमांनी ठरलेलं आहे. संचालक मंडळाच्या बैठकीतले महत्त्वाचे निर्णय बैठक संपल्यावर ३० मिनिटांत, आणि बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर साधारणपणे तीन तासांत, शेअर बाजाराला कळवावे लागतात. निकालाचा मसुदा लिहायला तुमच्या हातात आला, की तुम्हीही त्या गोपनीय माहितीचे धारक झालात. त्यावर शेअर घेणं किंवा मेव्हण्याला सुचवणं हा गुन्हा आहे. नव्या मुलांना एजन्सीत हे पहिल्या दिवशी सांगितलं जात नाही, याची मला काळजी वाटते.

‘नो कमेंट’ मात्र शक्यतो टाळा. छापून आल्यावर वाचणारा त्याचा अर्थ ‘पाणी मुरतंय’ असाच घेतो.

तुमच्याकडून कधी खोटं गेलं आहे का?

हो, आणि ते विसरता आलेलं नाही. पहिल्याच नोकरीत कारखान्यात रात्री स्फोट झाला. ‘किरकोळ घटना, कोणीही जखमी नाही’ असं पत्रक काढ, असं वरून सांगण्यात आलं. मी विचारलं नाही, लिहिलं आणि फॅक्स केलं. एका दैनिकाचा बातमीदार त्या वेळी रुग्णालयात भाजलेल्या कंत्राटी कामगाराच्या पलंगापाशी उभा होता. कामगार कंत्राटी, म्हणून कंपनीच्या हिशेबात ‘आमचा’ कोणी जखमी नव्हता. शब्दांचा तो खेळ मला दुसऱ्या दिवशी समजला.

त्या बातमीदाराने आरडाओरडा केला नाही. फोन करून एवढंच म्हणाला, ‘ताई, यापुढे तुमचं पत्रक मी आधी दुसरीकडे विचारून मगच वापरीन.’ पुढची दोन वर्षं त्याने तसंच केलं. तेव्हापासून दुर्घटनेच्या ठिकाणी स्वतः गेल्याशिवाय, कंत्राटदाराच्या हजेरीपटासकट माणसं मोजल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

दुसऱ्या कोणाच्या तोंडून बोलवून घेणं चालतं का? नागरिक मंच, तज्ज्ञ समिती वगैरे?

पैसे कोणी दिले हे उघड असेल तर चालतं. लपवलं असेल तर नाही. माझ्या मते ही या व्यवसायातली सगळ्यांत घातक खोड आहे. यात फसवणूक मजकुरात नसते, बोलणारा कोण यात असते, आणि वाचकाला ती पकडता येत नाही.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट कंपन्यांनी एक निवेदन छापलं. सिगारेटमुळे कर्करोग होतो असं संशोधन पुढे येत होतं. निवेदनात म्हटलं होतं, की लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आम्ही संशोधन समिती नेमत आहोत. सल्लागार होती हिल अँड नोल्टन ही पीआर कंपनी. ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ हा सूर त्या समितीने पुढे वर्षानुवर्षं धरून ठेवला. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने सिगारेट कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचं ठरवलं. मधल्या पन्नास वर्षांत किती घरांत माणसं गेली!

याच हिल अँड नोल्टनचं दुसरं प्रकरण १९९० चं. इराकने कुवेत गिळल्यावर पंधरा वर्षांच्या एका मुलीने अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क गटापुढे साक्ष दिली. इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकल्याचं आपण पाहिलं, असं ती रडत म्हणाली. जग हादरलं. ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती, हे १९९२ मध्ये बाहेर आलं. साक्षीची तयारी ज्या मोहिमेतून झाली तिला मुख्यतः कुवेत सरकारचा पैसा होता. कुवेतवर अत्याचार झाले नाहीत असं नाही. पण ऐकणाऱ्यांना ‘ही कोण आहे’ हे सांगितलं गेलं नाही, आणि त्यांनी युद्धाविषयीचं मत त्यावर बनवलं.

तुमच्या शहरातल्या पुनर्विकासाच्या वादात ‘जागरूक रहिवासी मंच’ अचानक उगवला आणि त्याचं पत्रक बिल्डरच्या एजन्सीतून निघालं, तर ते याच माळेतलं आहे.

पत्रकाराला भेटवस्तू, पाकीट, दौरा?

पाकीट नाही. कधीच नाही. पत्रकार परिषदेला चहा-नाश्ता ठेवा, लांबच्या ठिकाणी नेणार असाल तर गाडीची सोय करा, एवढं पुरे. दिवाळीला मिठाईचा छोटा पुडा द्यावा का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी बंद केलं. काही वर्तमानपत्रांनीच भेटवस्तू न घेण्याचा नियम केला आहे, त्याचा मान राखावा. कंपनीच्या खर्चाने दौऱ्यावर नेलं, तर बातमीखाली तसं लिहिण्याचा आग्रह आपणच धरावा. प्रामाणिक बातमीदाराला त्याने बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

पैसे देऊन बातमी छापणं आणि जाहिरात यांत काय फरक आहे? पैसे तर दोन्हीत जातात.

जाहिरात आहे हे वाचकाला कळतं. बातमीच्या वेशातली जाहिरात त्याला कळत नाही, आणि त्याला कळू नये म्हणूनच तर पैसे दिलेले असतात.

२००९ च्या निवडणुकांत हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. नेत्याचं कौतुक करणारा एकच लेख वेगवेगळ्या दैनिकांत जवळजवळ जसाच्या तसा छापल्याचं उघड झालं. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली, तिने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्यात वर्तमानपत्रांवर जितका प्रकाश पडला तितका मधल्या माणसांवर पडला नाही. मजकूर लिहिणारा, दरपत्रक घेऊन फिरणारा कोणीतरी होताच. तो बरेचदा आमच्याच व्यवसायातला होता, आणि हे मी शरमेने लिहिते आहे.

मजकुराचे पैसे देत असाल तर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ असं छापून घ्या. ‘विशेष उपक्रम’, ‘ब्रँड कनेक्ट’ अशा आडपडद्यांनी भागवू नका.

इन्फ्लुएन्सर आणि ऑनलाइन रिव्ह्यू यांचं काय?

नियम स्पष्ट आहेत. जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये नियम काढून त्या वर्षीच्या जूनपासून पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहिणं बंधनकारक केलं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तूची भलामण करणाऱ्या व्यक्तीवरही बंदी येऊ शकते.

विकतचे रिव्ह्यू घेऊ नका. मिसळीच्या हॉटेलला एकाच दिवशी चाळीस पंचतारे मिळाले, आणि तेही मिसळ कधी न खाल्लेल्या माणसांच्या भाषेत, तर गल्लीतल्या पोरालाही कळतं. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, नोटीस पाठवू नका. रस्सा त्या दिवशी खरंच आंबला असेल तर तसं लिहा.

राडिया टेप्समध्ये जे ऐकू आलं ते जनसंपर्क होतं का?

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये फोनवर टॅप झालेली ती संभाषणं प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर शांतता होती. बड्या उद्योगसमूहांचं काम करणाऱ्या नीरा राडिया, नामवंत पत्रकार, मंत्रिपदांची चर्चा. २०२२ मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की त्या संभाषणांत गुन्हा आढळला नाही. व्यक्तींवर निवाडा करायचा मला अधिकार नाही. पण ‘गुन्हा नाही’ आणि ‘योग्य आहे’ यांमध्ये मोठी मोकळी जागा असते, आणि आमचं रोजचं काम त्याच जागेत चालतं. माझी कसोटी साधी आहे. हे बोलणं उद्या शब्दशः छापलं, तर क्लायंटला, पत्रकाराला आणि माझ्या आईला मी तोंड दाखवू शकेन का?

वकील गुन्हेगाराचीही बाजू मांडतो. मग आम्ही कोणाचंही काम का घेऊ नये?

वकिलासमोर दुसरा वकील असतो. वर न्यायाधीश असतो. पुराव्याचा कायदा असतो. लोकमताच्या दरबारात यातलं काही नाही. महिन्याला १ लाख पौंड देणाऱ्या गुप्तांसमोर दक्षिण आफ्रिकेतल्या सामान्य माणसाचा सल्लागार कुठे होता?

बदनाम क्लायंट घेऊच नये असं मी म्हणत नाही. चूक कबूल करून सुधारू पाहणाऱ्याला मदतीची खरी गरज असते. मी पहिल्या बैठकीत दोनच गोष्टी विचारते : कागदपत्रं बघायला मिळतील का, आणि मी नको म्हटलं तर ऐकणार का? दोन्हीला टाळाटाळ झाली की चहा पिऊन उठते.

माफीनामा कसा लिहावा?

मराठीत वाईट माफीनामा लिहायच्या सोयी फार आहेत. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ यातलं ‘असल्यास’ बघा. दुखावल्या की नाही याबद्दल शंका, दुखावल्या असल्या तर दोष हळव्या मनाचा. ‘घडलेल्या प्रकाराबद्दल खेद आहे.’ प्रकार आपोआप घडला, पाऊस पडावा तसा. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’, ‘गैरसमजातून’, ‘आमच्या वक्तव्याचा विपर्यास झाला’. ही सगळी वाक्यं कर्ता लपवायला जन्माला आली आहेत.

समजा, एका दुकानाचं श्रीखंड खाऊन काही लोकांना विषबाधा झाली. मी असं लिहीन : ‘शनिवारी आमच्या दुकानातलं श्रीखंड खाऊन १४ जण आजारी पडले. शुक्रवारी रात्री शीतपेटी चार तास बंद होती. ते आमच्या लक्षात आलं होतं, तरी आम्ही माल विकला. ही आमची चूक आहे. आम्ही माफी मागतो. सर्वांच्या उपचाराचा खर्च आम्ही करत आहोत. त्या दिवशीचा उरलेला माल नष्ट केला आहे. कोणाकडे शनिवारचं श्रीखंड असेल तर कृपया खाऊ नका, परत आणा.’

मालकाचा वकील ‘आमची चूक’ या शब्दांवर अडणार. त्याचं म्हणणं ऐकून घ्या, जबाबदारीचा प्रश्न खरा असतो. कधी कधी ते दोन शब्द खरोखर थांबवावे लागतात. पण शीतपेटीची वस्तुस्थिती, उपचाराचा खर्च आणि ‘खाऊ नका’ ही सूचना थांबवता येत नाही. तिसरी गोष्ट तर पहिल्या तासात बाहेर जायला हवी, माफी नंतर आली तरी चालेल. आणि पत्रकावर मालकाचं नाव हवं, ‘व्यवस्थापन’ नको.

सरकारी जनसंपर्क अधिकाऱ्याला हेच नियम लागू आहेत का?

जास्तच. त्याचा पगार जनतेच्या पैशातून होतो, त्यामुळे त्याचा खरा अशील मंत्री नसून नागरिक आहे. जिल्हा माहिती कार्यालयांतली अनेक माणसं पुराच्या काळात रात्रभर जागून नेमके आकडे देतात, हे मी पाहिलं आहे. योजना आणि योजनेचा उद्घाटक यांत फरक करणं त्यांना अवघड जातं, कारण वरून मागणी उद्घाटकाच्या फोटोची असते. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. जे उद्या अर्जावर द्यावंच लागणार, ते आज स्वतःहून दिलेलं बरं.

प्रेसनोट एआयकडून लिहून घेतली तर?

भाषा सुधारायला घ्या. आकडे, नावं आणि अवतरणं मात्र माणसाने तपासलीच पाहिजेत. साहेब जे बोललेच नाहीत ते अवतरणचिन्हांत टाकण्याची आमची जुनी सवय आहे, यंत्राने ती आणखी सोपी झाली. अवतरण त्या व्यक्तीला वाचून दाखवून ‘हो’ मिळाल्याशिवाय पाठवू नका.

साहेब चुकीचं पत्रक काढायला सांगतात. घराचा हप्ता डोक्यावर आहे. काय करू?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री, फोनवर विचारला जातो. राजीनामा फेका असं मी सांगत नाही, हप्ता मलाही ठाऊक आहे.

आधी विचारा, ‘हे कोणी तपासलं?’ बरेचदा वरच्यालाही कोणीतरी चुकीचंच सांगितलेलं असतं, आणि एका प्रश्नाने वाक्य बदलतं. तसं झालं नाही तर पर्यायी मसुदा लिहून न्या. नुसता नकार घेऊन गेलात तर भांडण होतं, दुसरा कागद पुढे ठेवलात तर चर्चा होते. धोका नैतिकतेच्या भाषेत मांडू नका. ‘रुग्णालयात बातमीदार उभा असेल’ असं सांगा. तुमचं म्हणणं ईमेलवर, सभ्य शब्दांत, तारखेसह नोंदवून ठेवा. आणि तरीही तेच पाठवायचं ठरलं, तर त्याखाली संपर्क म्हणून तुमचं नाव आणि नंबर टाकू नका, ज्याने ठरवलं त्याचं नाव टाकायला सांगा. माझ्या अनुभवात निम्मी पत्रकं याच पायरीवर थांबली आहेत.

उरलेल्यांसाठी दुसरी नोकरी शोधायला लागा. शोधताना ज्या बातमीदारांशी तुम्ही आजवर खरं बोललात त्यांना फोन करा. कुठल्या एजन्सीत माणसं बरी आहेत, हे त्यांना पक्कं माहीत असतं.